दावणीला उभ्या बैलाची परीक्षा



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, खते आणि पाणी यांविषयी लिहितो. पाचट जाळू नका, हे तर आम्ही इतक्या वेळा लिहिले आहे की आमचे नाव दिसताच काही जण पान उलटतात, हे आम्हांस ठाऊक आहे. या खेपेला विषय वेगळा आहे. शेतकी पदविका घेतलेल्या माणसाने हृदयविकारावर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडा. औषध सांगण्याचा आमचा अधिकार नाही व ते आम्ही सांगणारही नाही. परंतु गेल्या दोन हंगामांत दोन गोष्टी आमच्या डोळ्यांदेखत घडल्या. एक आपल्या गटात आणि दुसरी ठाणे जिल्ह्यात, बदलापूर-उल्हासनगरकडे. त्या मांडल्यावाचून आम्हांस चैन पडत नाही.

पहिली गोष्ट थोडक्यात सांगतो. ती लांबवून सांगण्याची आमची छाती नाही.

आपल्या गटातील एक सभासद, वय ४८. आदल्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. तालुक्याला गुठळी विरघळविणारे इंजेक्शन वेळेत मिळाले, माणूस वाचला. पुढची तपासणी शहरात जाऊन करून घ्या असे सांगितले होते, ते शेतीच्या धबडग्यात राहून गेले. त्यांचा ऊस तोडीला आला तेव्हा आम्ही बांधावर विचारले, "तब्येत कशी आहे?" ते म्हणाले, "झ्याक हाय की सायेब. परवाच कार्डिओग्राम काढलाय. काय न्हाय म्हनले." आम्ही बरे म्हटले आणि टोळी दिली. टोळीत माणसे कमी होती. ट्रॅक्टर फडात उभा. वाहन खोळंबू नये म्हणून आम्हीच म्हणालो, घरची दोन माणसे भरणीला लावा. घरची दोन माणसे म्हणजे ते स्वतः आणि त्यांचा मुलगा. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढता चढता ते खाली बसले, ते पुन्हा उठले नाहीत.

दहाव्यानंतर मुलाने आम्हांस तो कार्डिओग्रामचा कागद दाखविला. "ह्यात तर काय न्हाय म्हनले हुते. मग?" असे त्याने विचारले. आम्हांस उत्तर देता आले नाही. ते उत्तर आम्हांस पुढल्या उन्हाळ्यात उल्हासनगरला मिळाले.

आपल्या भागातल्या किती तरी घरांची एक फांदी मुंबईच्या वाटेला गेलेली आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर आमचे एक चुलते अंबरनाथला कारखान्यात लागले, ते तिकडचेच झाले. त्यांचे थोरले चिरंजीव, म्हणजे आमचे दादा, वय ५२, अंबरनाथच्याच औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत, घर बदलापूरला. ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ करीत बदलापूरला येते. उल्हासनगर ही मूळची दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासित वसले आणि १९४९ साली गावाला हे नाव मिळाले. पण पत्ता सांगताना लोक अजून कॅम्प तीन, कॅम्प चार असेच सांगतात. अंबरनाथला १०६० सालचे शिलाहारांचे शिवमंदिर आहे आणि त्याच गावात ऑर्डनन्स फॅक्टरी नि असंख्य लहानमोठे कारखाने. बदलापूरचे नाव तर आपल्याकडे २०१९ साली घरोघर झाले. त्या जुलैत उल्हास नदीच्या पुरात आपली महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती, ती बदलापूर आणि वांगणीच्या मधेच.

तर दादांना रोज स्टेशनचा पूल चढावा लागतो. तो चढताना छातीवर कोणी पोते ठेवल्यासारखे व्हायचे. वर पोचून कठड्याला धरून उभे राहिले की दोन-तीन मिनिटांत मोकळे. घराजवळच्या एका दवाखान्यात त्यांना झोपवून कार्डिओग्राम काढला. कागद चांगला आला. पित्त आहे म्हणून गोळ्या मिळाल्या. दादांना तेच हवे होते. पण वहिनींच्या ध्यानात एक गोष्ट आली. दादा आताशा दहा मिनिटे आधी घर सोडू लागले होते. गर्दी टाळायला म्हणून सांगत. खरे कारण असे की पुलावर मध्ये दोनदा थांबायला वेळ लागत होता. माणूस दुखणे डॉक्टरापासून लपवील, बायकोपासून लपवील, पण घड्याळापासून लपवता येत नाही. आम्ही तेव्हा एका लग्नासाठी बदलापूरला गेलो होतो. वहिनींनी आम्हांस बाजूला घेतले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या एका हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो.

डॉक्टर सिंधी, पण मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. त्यांनी जुना कागद पाहिला आणि म्हणाले, "हा झोपलेल्या माणसाचा कागद आहे. यांना त्रास चढताना होतो. मला चढणाऱ्या माणसाचा कागद पाहिजे."

आम्हांस एकदम ते फडातले वाक्य आठवले.

अहो, ही गोष्ट तर आपण शेतकऱ्यांनी जगाला शिकवावी. बाजारात बैल घेताना दावणीला उभा बैल पाहून कोणी पैसे मोजतो का? शिंगे, खूर, दात पाहतो ते ठीक. पण शेवटी त्याला भरल्या गाडीला जुंपतो, चढावर काढतो, आणि चढ चढून आल्यावर तो किती वेळात श्वासावर येतो ते पाहतो. आपल्या कारखान्याचा बॉयलरसुद्धा गाळप सुरू होण्याआधी पाण्याच्या दाबाखाली तपासला जातो. तो थंड असताना चकचकीत दिसतो म्हणून कोणी दाखला देत नाही. माणसाला मात्र आपण खाटेवर झोपवून, पाच मिनिटांत कागद काढून, मोळी वाहायला पाठवतो.

कारण साधे आहे. हृदयाच्या स्नायूला रक्त नेणाऱ्या वाहिन्या आतून चरबीने बुजत जातात. पाटात अर्धी माती साचली तरी एका सरीला पाणी पुरते. चार सऱ्या एकदम फोडल्या की शेवटची सरी कोरडी राहते. माणूस झोपलेला असताना हृदयाला लागणारे रक्त थोडे. वाहिनी पुष्कळ अरुंद झाली असली तरी तेवढे पोचते आणि कागद सरळ येतो. चढ लागला, ओझे आले की मागणी वाढते, आणि तेव्हाच तुटवडा कागदावर उमटतो.

१९२९ साली न्यूयॉर्कचे डॉ. मास्टर यांनी दोन पायऱ्या चढ-उतार करायला लावून माणसाची परीक्षा घेण्याची रीत बसविली. आमचे दादा म्हणजे मास्टरसाहेबांची परीक्षा रोज स्टेशनवर देत होते आणि रोज नापास होत होते, फक्त निकाल कोणी वाचत नव्हते. पुढे १९६३ साली अमेरिकेतल्याच सिअ‍ॅटलचे डॉ. ब्रूस यांनी फिरत्या पट्ट्यावरची पद्धत ठरविली. तीच आज आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चालते. लोक तिला स्ट्रेस टेस्ट किंवा टीएमटी म्हणतात.

आम्ही ती पाहिली, म्हणून सांगतो. आधी डॉक्टरांनी छाती ऐकली, सोनोग्राफीसारख्या यंत्रावर हृदयाच्या झडपा पाहिल्या. बसल्या जागी दुखते का, रात्री दुखून जाग येते का, हे दोनदा विचारले. तसे असते तर पट्ट्यावर चढविलेच नसते म्हणाले. मग छातीवरचे केस काढून दहा ठिकाणी तारा चिकटविल्या. पहिली तीन मिनिटे पट्टा ताशी २.७ किलोमीटर वेगाने चालतो, चढ दहा टक्के, म्हणजे शंभर फुटांना दहा फूट. पुढची तीन मिनिटे ताशी ४ किलोमीटर आणि चढ बारा टक्के. त्यापुढे साडेपाच किलोमीटर आणि चौदा टक्के. दर तीन मिनिटांनी गाडी असा नवा चढ घेते. शेजारी शॉक देण्याचे यंत्र तयार, डॉक्टर स्वतः उभे. २२० मधून वय वजा केले की त्या वयाच्या नाडीची साधारण कमाल मर्यादा निघते. दादांची आली १६८. तिच्या ८५ टक्के, म्हणजे १४३ च्या आसपास तरी नाडी जावी असा हिशेब असतो.

दादा ११८ वरच थांबले. पहिला चढ हसत काढला, दुसऱ्यावर बोलणे बंद झाले. प्रत्येक ठोक्यानंतरची जी रेघ सपाट राहायला हवी ती पडद्यावर खाली बसू लागली, आधी एक मिलिमीटर, मग दोन. रक्तदाब श्रमाने वाढावयाचा, तो १४० वरून १२० वर उतरला. दादांनी छातीवर हात ठेवला. डॉक्टरांनी चार मिनिटे होताच पट्टा थांबविला, निजविले, जिभेखाली गोळी दिली.

मग त्यांनी एका चिठोऱ्यावर हिशेब करून दाखविला. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या डॉक्टरांनी बसविलेला हा हिशेब आहे. जितकी मिनिटे चालले तितके गुण जमा. रेघ जितके मिलिमीटर खाली गेली त्याच्या पाचपट वजा. छातीत दुखले पण चालता आले तर चार वजा, दुखण्यामुळे थांबावे लागले तर आठ वजा. दादांचे चार जमा. दहा वजा, आठ वजा. आले उणे चौदा. अधिक पाच किंवा त्यावर असेल तर धोका कमी, अधिक चार ते उणे दहा मध्यम, उणे अकरा व त्याखाली जास्त. आम्ही म्हणालो, हा तर आमच्या ऊसबिलासारखा प्रकार झाला, जमा एक आणि कपाती दोन. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "यांना घरी पाठवायचे की नाही याचाच मी विचार करतोय."

घरी पाठविलेच नाही. त्या आठवड्यात अँजिओग्राफी झाली. डाव्या बाजूची मुख्य वाहिनीच बुजत आली होती. मुंबईला बायपास झाली. आज दादा कामावर आहेत, हलक्या खात्यात बदली घेऊन. त्या पट्ट्यावरच्या चाचणीचे बिल एका टन उसाच्या पैशांपेक्षा कमीच आले होते.

शस्त्रक्रियेनंतर त्यांना मधूनच धडधड व्हायची. दवाखान्यात गेले की धडधड गायब. मग डॉक्टरांनी छातीला एक लहान यंत्र चोवीस तासांसाठी लावून दिले. काड्यापेटीएवढे, ही उपमा दादांचीच; अंबरनाथ एके काळी काड्यापेटीच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध होते. याला होल्टर म्हणतात. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले होल्टर नावाचे शास्त्रज्ञ, त्यांनी १९४० च्या दशकात केलेले पहिले यंत्र सुमारे ३८ किलो वजनाचे होते आणि ते पाठीवर बांधून हिंडावे लागे. म्हणजे एक मोळीच म्हणा ना. आता ते शर्टाखाली झाकते. चोवीस तासांतला प्रत्येक ठोका त्यात नोंदला जातो, आणि रोग्याने स्वतः वहीत लिहावयाचे असते: कधी जिना चढलो, कधी जेवलो, कधी धडधडले. दादांनी पहिलीच नोंद लिहिली, "सकाळची लोकल, दारात उभा राहून." त्यावर डॉक्टर धडधडीपेक्षा जास्त रागावले. कागदावर काही जादा ठोके निघाले, धोक्याचे नव्हते, गोळी बदलली आणि भागले. ठोका चुकतो, घेरी येते, भोवळ येऊन पडतो, अशांना हे यंत्र उपयोगी. पट्टा सांगतो ओझ्याखाली रक्त पुरते का; होल्टर सांगते दिवसरात्र ताल ठीक आहे का. एकाचे काम दुसऱ्याने होत नाही.

बदलापूरहून परत आल्यावर आम्ही त्या सभासदाच्या घरी गेलो आणि मुलाला हे सारे सांगितले. चाचणी केली असती तर वडील वाचलेच असते, असे आम्ही म्हणालो नाही, कारण ते कोणालाच म्हणता येणार नाही. एवढेच सांगितले की तो कागद खोटा नव्हता, तो झोपलेल्या माणसाचा होता. पोरगा बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग हे आधी कुणी का न्हाय सांगितलं?"

यास्तव हे लिहिणे. आता आमचे मत सांगतो, आणि ते सर्वांस रुचेल असे नाही.

कारखान्याच्या आरोग्य शिबिरात यंदा पट्ट्याचे यंत्र आणावे, मंडपात सर्वांची एकदम चाचणी करून टाकावी, अशी सूचना काही उत्साही मंडळींकडून आली आहे. तिला आमचा विरोध आहे. ही रक्तातील साखर तपासण्यासारखी बोट टोचण्याची गोष्ट नव्हे. हजारो चाचण्यांत एखाद्याला चाचणीतच झटका येतो किंवा जीव जातो, आणि हे प्रमाण माणसे पारखून, डॉक्टर शेजारी उभे असतानाचे आहे. नुकताच झटका आलेला, बसल्या जागी छाती दुखणारा, मुख्य झडप फार अरुंद झालेला, दम लागून पायांवर सूज असलेला, असा माणूस रांगेत शिरला तर मंडपातच अनर्थ व्हायचा.

शिवाय ज्याला काही त्रास नाही, अशा धडधाकट माणसाला ही चाचणी फसवते. ज्यांच्या वाहिन्या खरोखर बुजल्या आहेत अशा शंभरांतले साधारण सत्तर या चाचणीत सापडतात, तीस निसटतात. आणि निरोगी माणसांतही काहींचा कागद वाकडा येतो. स्त्रियांच्या बाबतीत ही चूक जास्त होते. चाचणी चांगली आली म्हणजे उद्या झटका येणारच नाही, असाही अर्थ नाही. लहानशी चरबीची गाठ फुटून तिच्यावर गुठळी धरली तरी झटका येतो, आणि तशी गाठ पट्ट्यावर दिसत नाही. म्हणून पेठेत जी "संपूर्ण शरीर तपासणी"ची पॅकेजे विकली जातात त्यांच्या नादी लागण्याऐवजी रक्तदाब, साखर, चरबी तपासा आणि तंबाखू सोडा. मिसरीसुद्धा तंबाखूच आहे, हे भगिनींनी ध्यानात घ्यावे. ५२ देशांतला जो मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला त्यात असे आढळले की आपल्या भारतीय उपखंडातल्या माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे पाच-सहा वर्षे लवकर, त्रेपन्नच्या आसपास येतो. चघळलेल्या तंबाखूनेही धोका वाढतो, हेही त्यात दिसले.

आणखी एक गोष्ट, पैशाची. चाचणीत दोष निघाला की लगेच लोक घाबरतात, कोणी एकर-दोन एकर विकायला काढतो. तसे करू नका. २०२० साली एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. पाच हजारांवर रोगी, सगळ्यांच्या श्रमचाचणीत बऱ्यापैकी दोष, पण प्रकृती स्थिर. निम्म्यांना औषधांबरोबर अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास, निम्म्यांना आधी नुसती चांगली औषधे. काही वर्षांनी पाहिले तर मृत्यू व झटके यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. छातीत दुखणे मात्र शस्त्रक्रियेने जास्त कमी झाले. आमच्या दादांसारखे डाव्या मुख्य वाहिनीचे रोगी त्या अभ्यासातून मुद्दाम वगळले होते, त्यांची गोष्ट निराळी. तेव्हा कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला सहसा वेळ असतो. शस्त्रक्रिया लागलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आधी चौकशी करा, सातबारा नंतर काढा. बसल्या जागी छाती दुखू लागली, घाम फुटला, तर मात्र चाचणी नाही, मत नाही, चर्चा नाही. १०८ ला फोन.

मग चाचणी हवी कोणाला? चालताना, चढताना, ओझे उचलताना छाती भरून येते आणि थांबल्यावर बरे वाटते, त्याला. आणि ज्याला झटका येऊन गेला आहे व जो पुन्हा जड कामाला हात घालणार आहे, त्याला. शहरातला बाबू झटक्यानंतर परत खुर्चीवर बसतो, त्याचे निभते. आपला सभासद रात्रीच्या विजेवर मोटार चालू करायला चिखलातून जातो, खोरे मारतो, फडात मोळी उचलतो. त्याला "हळूहळू काम सुरू करा" एवढे सांगून भागत नाही. किती ओझे झेपेल हे मोजून सांगायला हवे, आणि ते मोजण्याची सोय आहे. दरवर्षी उगाच चाचणी करा असे आम्ही म्हणत नाही. त्रास नसेल तर त्यात लाभ नाही असेच आता तज्ज्ञ मानतात. कामावर परतण्यापूर्वी एकदा डॉक्टरांना आपले काम नेमके काय आहे ते सांगा. "शेती करतो" एवढे सांगू नका. शहरातल्या डॉक्टरांना शेती म्हणजे झाडाखाली बसणे वाटते.

संचालक मंडळापुढे आम्ही एक सूचना ठेवीत आहोत. ज्या सभासदास झटका येऊन गेला आहे किंवा डॉक्टरांनी श्रमचाचणी लिहून दिली आहे, त्यास चाचणीपुरती बिनव्याजी उचल द्यावी व ती ऊसबिलातून वळती करावी. "सायेब, अजून एक कपात?" हा आवाज आम्हांस आत्ताच ऐकू येतो आहे. होय, अजून एक. बाकीच्या कपातींबद्दल तुमचे जे म्हणणे आहे ते वार्षिक सभेत मांडाच. हिच्याबद्दल आमच्याशी भांडा.

ऊसतोड मजूर आपले सभासद नाहीत, पण मोळी तेच वाहतात. टोळ्या आल्या की पहिल्या आठवड्यात त्यांच्या झोपड्यांवर जाऊन रक्तदाब पाहावा आणि चढावर छाती दुखते का, हा एक प्रश्न मुकादमाने नव्हे तर नर्सने विचारावा. मुकादमाला कोणी खरे सांगत नाही, कारण त्याने उचल दिलेली असते.

तोवर आमच्या अखत्यारीत जेवढे होते तेवढे आम्ही केले आहे. या हंगामापासून ऊसनोंदीच्या रजिस्टरला आम्ही हाताने एक जादा रकाना आखून घेतला आहे. चिटबॉय नोंदीला घरी येतील तेव्हा झटका येऊन गेला असल्यास किंवा चढताना छाती भरून येत असल्यास त्यांना सांगावे. ही माहिती गट ऑफिसबाहेर जाणार नाही. अशा सभासदाच्या फडात टोळीला माणसे कमी पडली तर आम्ही दुसऱ्या टोळीतली दोन माणसे देऊ, वाहन खोळंबले तरी चालेल. तोड एक दिवस मागे गेली तर ओरड करू नये.